महाराष्ट्रात इस्टेट एजंट म्हणून सुरुवात: महारेरा नोंदणीपासून पहिल्या रिसेल सौद्यापर्यंत

किल्ली घेऊन फ्लॅट उघडून दाखवणे हे काम सोसायटीचा वॉचमनही करतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातून दोन पैसे कमावतोही. फोटो पोर्टलवर असतात, मालकाचा नंबर चार ओळखीतून मिळतो. तरीही लोक एजंटला दलाली देतात, कारण दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे नसतात: या घराचा खरा भाव किती, आणि याचे कागद धड आहेत का. नवीन माणूस या धंद्यात येतो तो व्हिजिटिंग कार्ड, रिंग लाइट आणि दोनशे व्हॉट्सॲप ग्रुप घेऊन. वरच्या दोन प्रश्नांची तयारी मात्र पहिला सौदा फिसकटल्यावर सुरू होते. इथे क्रम उलटा ठेवला आहे.

परवाना: कुठे लागतो, कसा मिळतो

२०१६ च्या रेरा कायद्यातील (स्थावर संपदा नियमन कायदा) कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातले घर, दुकान किंवा प्लॉट विकायला मदत करणाऱ्या एजंटला नोंदणी करावीच लागते. पंचवीस वर्षे जुन्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट किंवा भाड्याचे घर या कलमाच्या शब्दांत थेट बसत नाही, म्हणून अनेक जण 'आपण फक्त रिसेल करतो' म्हणत नोंदणी टाळतात. हा हिशेब टिकत नाही. रिसेलचे गिऱ्हाईक तिसऱ्या व्हिजिटला विचारते, 'शेजारी ते नवीन टॉवर चाललंय, तिथे काही आहे का?' तिथे नेलेत की तुम्ही कलम ९ खाली आलात. विनानोंदणी काम केल्यास दंड दिवसाला १०,००० रुपये आहे आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग नोंदणी असा क्रम आहे. महारेराने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२३ पासून एजंटसाठी सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे केले. मान्यताप्राप्त संस्थेकडून सुमारे २० तासांचे प्रशिक्षण घ्यायचे आणि आयबीपीएस (बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) घेते ती ऑनलाइन परीक्षा द्यायची. परीक्षेला घाबरण्यासारखे काही नाही, पण पाठांतर करून ती देऊ नका. कार्पेट क्षेत्राची व्याख्या, बुकिंगच्या वेळी बिल्डर किती रक्कम घेऊ शकतो, प्रकल्पाच्या पानावर काय काय पाहायचे, हेच प्रश्न पुढे गिऱ्हाईक विचारणार आहे.

प्रमाणपत्र हातात आले की महारेराच्या पोर्टलवर अर्ज करायचा. एकट्या व्यक्तीसाठी मूळ शुल्क १०,००० रुपये, भागीदारी संस्था किंवा कंपनीसाठी १,००,००० रुपये, आणि नोंदणी पाच वर्षांची. पॅन, आधार, फोटो, धंद्याच्या जागेचा पुरावा, विवरणपत्रे भरत असाल तर मागच्या तीन वर्षांची, लेटरहेड आणि रबरी शिक्क्याचा नमुना हे सगळे स्कॅन करून तयार ठेवा. अर्ज अडकतात ते क्षुल्लक कारणांनी: पॅनवर एक नाव आणि आधारवर दुसरे, किंवा जागेचा पुरावा वडिलांच्या नावावर आणि सोबत त्यांचे संमतिपत्र नाही. सुरुवातीला मित्राबरोबर भागीदारी फर्म काढण्याचा मोह होतो. शुल्कातला दहापट फरक पाहून तो तात्पुरता बाजूला ठेवलेला बरा.

नोंदणी क्रमांक मिळाला की तो कार्डावर, पावतीवर आणि प्रत्येक जाहिरातीत छापा. एजंटचा क्रमांक 'ए' ने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. ज्या नव्या प्रकल्पाला 'पी' क्रमांक नाही आणि बिल्डर म्हणतो 'प्री-लाँच आहे, आठ दिवसांत येईल', त्याच्या ग्रुपमध्येही राहू नका. अनोंदणीकृत प्रकल्पाची विक्री करणे कलम १० नुसार एजंटला मना आहे, आणि असा मेसेज फॉरवर्ड केलात तर तो तुमच्या नावावर राहतो.

पैशाची तजवीज

रिसेलच्या सौद्यात टोकनपासून (सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम) रजिस्ट्रेशनपर्यंत, खरेदीदाराचे कर्ज असेल तर, ४५ ते ६० दिवस सहज जातात. त्याआधी गिऱ्हाईक शोधणे, व्हिजिट आणि भावाची घासाघीस यात एक-दोन महिने. नव्या प्रकल्पात बिल्डरकडून दलाली यायला याहूनही उशीर होतो. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. दुकानाचा गाळा पहिल्या वर्षी घेऊ नका. खर्च करायचाच तर लेझर टेप, दुचाकीचे पेट्रोल, चांगला कॅमेरा असलेला फोन आणि धंद्यासाठी वेगळा नंबर एवढ्यावर करा. पोर्टलची महागडी पॅकेजेस विकणारे लोक तुम्हाला आपणहून शोधत येतील, कारण नोंदणीकृत एजंटांची यादी सार्वजनिक असते. त्यांना तीन महिने थांबायला सांगा.

एक पट्टा निवडा

अख्ख्या शहरात काम करणारा नवीन एजंट कुठेच काम करत नसतो. चालत फिरता येईल असा दीड-दोन किलोमीटरचा पट्टा घ्या, त्यात साधारण २५ ते ३० सोसायट्या असाव्यात. पहिले तीन आठवडे कुणाला काही विकायला जाऊ नका, फक्त वही भरा. प्रत्येक इमारतीला एक पान: बांधकामाचे साल, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) आहे की नाही, मजले, लिफ्ट, पार्किंग कसे वाटले आहे (करारात लिहून दिलेले की सोसायटीच्या सोडतीने), पाणी महापालिकेचे किती वेळ आणि टँकर किती, महिन्याचा मेंटेनन्स, सदनिकांचे प्रकार, पुनर्विकासाची चर्चा आहे का, अविवाहित भाडेकरूंबद्दल समितीची भूमिका. सेक्रेटरीचे नाव आणि ते कुठल्या वेळेला भेटतात, हेही लिहा; हा तपशील पुढे सर्वांत जास्त कामाला येतो.

ही माहिती वॉचमन, इस्त्रीवाला, किराणा दुकानदार आणि मेंटेनन्सच्या कामाला येणारा प्लंबर यांच्याकडून निम्मी मिळते. गळती कुठल्या विंगला आहे, हे प्लंबरइतके कुणालाच ठाऊक नसते. वॉचमनला 'फ्लॅट सुटला की कळवा' म्हणून सांगून ठेवता येते, पण त्याला काय द्यायचे ते आधीच ठरवा आणि ठरले ते वेळेवर द्या. इथे कंजुषी केलीत तर पुढचा फ्लॅट दुसऱ्या एजंटकडे जातो, इतके हे साधे आहे.

इंडेक्स टू वाचायला शिका

मालक सांगतो तो भाव त्याच्या मनातला असतो. पोर्टलवर दिसतो तो मागितलेला भाव. झालेला भाव सापडतो सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे इंडेक्स टूमध्ये; नोंदणी झालेल्या दस्ताचा हा गोषवारा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून तो पाहता येतो. मिळकत क्रमांकाच्या रकान्यात लोक फ्लॅट नंबर टाकतात आणि 'काही सापडत नाही' म्हणून सोडून देतात. आधी इमारतीचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर शोधा. तो कुठल्याही जुन्या करारनाम्यात असतो. तो आणि त्याचे हिस्से टाकून पाहा. एकच इमारत काही दस्तांत सर्व्हे नंबरने आणि काहींत सिटी सर्व्हे नंबरने नोंदलेली असते, म्हणून दोन्ही शोध करावे लागतात.

एका पानावर काय पाहायचे? पहिला रकाना विलेखाचा प्रकार. तिथे 'करारनामा' किंवा 'सेल डीड' असेल तरच भावासाठी उपयोग. 'बक्षीसपत्र', 'हक्कसोडपत्र' किंवा 'गहाणखत' असेल तर आकडे विक्रीचे नाहीत. दुसरा रकाना मोबदला, तिसरा बाजारभाव, म्हणजे रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) निघणारी किंमत. चौथ्यात मिळकतीचे वर्णन: फ्लॅट नंबर, मजला, पार्किंग आहे का. पाचव्यात क्षेत्रफळ, बहुतेकदा चौरस मीटरमध्ये. सातव्यात देणारे, आठव्यात घेणारे, नवव्यात दस्त केल्याची तारीख.

आता हिशेब करून पाहू. समजा, मोबदला ६१,००,००० आणि क्षेत्रफळ ५०.२० चौ. मी. कार्पेट आहे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणून ५०.२० गुणिले १०.७६४ बरोबर सुमारे ५४० चौ. फूट. ६१ लाखांना ५४० ने भागले की कार्पेटवर चौरस फुटाला सुमारे ११,३०० रुपये. त्याच इमारतीतले मागच्या बारा महिन्यांतले असे तीन ते पाच सौदे काढा. वरचा मजला, कोपऱ्याचा फ्लॅट, पार्किंगसह की पार्किंगविना हे बाजूला टिपा. दोन सौद्यांत मोठी तफावत दिसली तर आधी पाचवा रकाना पुन्हा वाचा. एका दस्तात कार्पेट आणि दुसऱ्यात बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून मोजलेले क्षेत्र) लिहिलेले असणे हे तफावतीचे नेहमीचे कारण आहे. भाऊ-भावातला किंवा घाईचा सौदाही आकडा खाली ओढतो. तो कसा ओळखायचा? देणाऱ्या-घेणाऱ्यांची आडनावे पाहा.

मालक जेव्हा म्हणतो 'साडेसातशेचा फ्लॅट आहे', तेव्हा त्याचा करारनामा मागा. साडेसातशे हा बहुधा बिल्डरने त्या काळी विकलेला सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटा धरलेला आकडा असतो. रेरातले कार्पेट म्हणजे घराच्या आतले वापराचे क्षेत्र: आतल्या भिंती त्यात येतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि मोकळी गच्ची येत नाही. जाहिरातीत कार्पेटच लिहा. साडेसातशे लिहून बोलावलेले गिऱ्हाईक दारात उभे राहूनच परत फिरते.

पहिले तीन महिने भाड्याची कामे घ्या

भाड्याचा सौदा आठ-दहा दिवसांत संपतो, दलाली लगेच हातात येते, आणि मुख्य म्हणजे मालकाशी ओळख होते. आज भाड्याने देणारा मालक दोन वर्षांनी विकणारा असतो. प्रथा दोन्हीकडून साधारण एकेका महिन्याच्या भाड्याची आहे. हा आकडा कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, तेव्हा बोलून घ्यावा लागतो.

लिव्ह अँड लायसन्स (घर भाड्याने देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. नोटरी करून भागवू पाहणाऱ्या मालकाला एवढेच सांगा की नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. बहुतेक जण इथेच तयार होतात. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ते मुदतीतले एकूण भाडे, परत न मिळणारी अनामत असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेवर. अकरा महिने, २०,००० भाडे आणि १,००,००० अनामत धरली तर भाडे २,२०,००० आणि व्याज सुमारे ९,१६७, एकूण २,२९,१६७. शुल्क सहाशेच्या आत. शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. करार घरबसल्या ऑनलाइन होतो, बोटांचे ठसे घ्यायला ऑपरेटर येतो. ठसे उमटत नाहीत ही ज्येष्ठ मालकांची कायमची अडचण, त्यामुळे ऑपरेटरला बोलावण्याआधी विचारून घ्या.

ताबा देताना पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा: मीटरचे आकडे, नळ, गिझर, भिंतीवरचे डाग, दिलेल्या किल्ल्यांची संख्या. अनामत परत करतानाचे भांडण एजंटच्याच दारात येते. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचे काम मालकावर सोडून विसरू नका, पोच तुमच्या फाइलला लावा.

रिसेलचे काम घेताना मागायचे कागद

फोटो काढण्याआधी कागद. हा क्रम मालकांना विचित्र वाटतो, पण तुमचे दोन महिने वाचतात. आधी नोंदणीकृत करारनामा, त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू. फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा असेल तर बिल्डरपासून आजपर्यंतची सगळी साखळी: प्रत्येक करार मुळातून. मधला एक करार हरवला असेल तर खरेदीदाराची बँक तिथेच थांबते, मग पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत असा प्रवास करावा लागतो. हे काम टोकनआधी सुरू केले तर चालते, टोकननंतर कळले तर गिऱ्हाईक बिथरते.

त्यानंतर शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची शेवटची पावती, मालमत्ता कराची पावती, वीजबिल, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत. भोगवटा नसलेल्या इमारतीतले फ्लॅट विकले जात नाहीत असे नाही. पण अनेक बँका कर्ज देत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक रोखीवाल्यांपुरते उरते आणि भाव खाली येतो. हे मालकाला पहिल्याच बैठकीत सांगा.

आता मालकी. करारावर दोन नावे असतील तर दोघांशी बोला. नवरा उत्साहाने विकायला निघालेला आणि बायकोला पत्ता नाही, हे जितके वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते. मालक वारला असेल आणि मुलगा म्हणत असेल 'नॉमिनी मीच आहे', तर थांबा. नॉमिनी हा सोसायटीच्या कामापुरता प्रतिनिधी, मालकी वारसांची. सगळ्या वारसांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असल्याशिवाय जाहिरात टाकू नका. लग्न होऊन गेलेल्या बहिणी हा या ठिकाणी सर्रास विसरला जाणारा भाग आहे. कुलमुखत्यारपत्रावर विक्री असेल तर ते नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट आहे का आणि देणारा हयात आहे का, हे तिन्ही तपासा. देणारा गेला की मुखत्यारपत्रही संपते. व्हिडिओ कॉल लावून मूळ मालकाशी एकदा बोलायला काही लागत नाही.

फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेकडून थकबाकीचे पत्र आणि बँकेकडे जमा असलेल्या कागदांची यादी मागवा. ती यादी यायला दहा-पंधरा दिवस लागू शकतात. आणि खरेदीदाराची बँक तिच्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाही.

शेतजमीन आणि गुंठ्यांचे व्यवहार पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर बंधन असलेली जमीन) असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, इतर हक्कांच्या रकान्यात कूळ किंवा बोजा दडलेला असतो, खरेदीदार शेतकरी नसेल तर शेतजमीन साधारणपणे घेताच येत नाही. दलाली मोठी दिसते, म्हणून नवखे तिकडेच धावतात.

दलाली आधी लिहून घ्या

मालकाकडून अधिकारपत्र एका पानाचे पुरे: मिळकत, अपेक्षित किंमत, दलाली किती टक्के, कुठल्या टप्प्यावर देय, मुदत ६० किंवा ९० दिवस, आणि जाहिरात करायची परवानगी. रिसेलमध्ये प्रत्येक बाजूकडून १ ते २ टक्के ही चाल आहे. 'एक्सक्लुझिव्ह' मागायला नवीन माणूस लाजतो. मागा, पण बदल्यात काय देणार तेही सांगा: फोटो, कागदांची फाइल, आठवड्याला एक अहवाल.

गिऱ्हाईकाकडून व्हिजिट स्लिप. घराचा पत्ता सांगण्याआधी व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवायचा आणि 'ओके' घ्यायचे:

'नमस्कार. आज सायंकाळी ६ वाजता तुम्हाला दोन फ्लॅट दाखवत आहे: (सोसायटी, विंग). यातला कुठलाही फ्लॅट तुम्ही किंवा घरातल्या कुणी घेतल्यास व्यवहार किमतीच्या १ टक्का दलाली करारनाम्याच्या नोंदणीच्या दिवशी देय राहील. मान्य असल्यास ओके लिहा.'

'घरातल्या कुणी' हे दोन शब्द गाळू नका. फ्लॅट नवऱ्याने पाहिला आणि करार सासऱ्यांच्या नावाने झाला, की 'तुमच्यामार्फत घेतलाच नाही' म्हणायला जागा मिळते.

दुसऱ्या एजंटचे गिऱ्हाईक असेल तर 'साइड बाय साइड' हा सरळ रस्ता: मालकाकडची तुमची, गिऱ्हाईकाकडची त्याची. एकत्र करून अर्धी-अर्धी वाटायची ठरली तर तेही मेसेजवर. ग्रुपवर फिरणारी इन्व्हेंटरी (विक्रीच्या घरांची यादी) स्वतःच्या नावाने पोर्टलवर चढवू नका. फ्लॅट कधीच गेलेला असतो, आणि तुम्ही खोटी जाहिरात करणारे ठरता.

दाखवताना

गिऱ्हाईकाला पाचापेक्षा जास्त घरे एका दिवसात दाखवली तर त्याला एकही आठवत नाही. तीन पुरेत. स्वतः दहा मिनिटे आधी पोहोचा, खिडक्या उघडा, सगळे दिवे लावा, फ्लश करून पाणी येते का पाहा. बंद घराला येणारा कुबट वास भावातून लाख-दोन लाख कमी करतो. फोटो सकाळी, फोन आडवा धरून, खोलीच्या कोपऱ्यातून छातीच्या उंचीवर. देवघर, कुटुंबाचे फोटो आणि वाळत घातलेले कपडे फ्रेमबाहेर.

दोष लपवू नका. बाथरूमची गळती तुम्ही दाखवलीत तर ती दुरुस्तीच्या खर्चाएवढी महाग पडते. गिऱ्हाईकाला ती नंतर सापडली तर सौदाच जातो.

टोकन ते रजिस्ट्रेशन

टोकनची रक्कम एजंटच्या खात्यात कधीही नको. चेक किंवा ऑनलाइन, थेट मालकाच्या नावाने. मालक दोघे असतील तर दोघांना. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे मालकाला ठाऊक नसते. पावतीत एकूण किंमत, पार्किंग आणि फर्निचर त्यात धरले आहे का, करारनाम्याची तारीख, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क कोण भरणार, आणि सर्वांत महत्त्वाचे, कर्ज नाकारले गेले तर टोकन परत मिळणार का आणि किती दिवसांत, हे लिहा. टोकनवरून होणाऱ्या भांडणांचे मूळ या शेवटच्या ओळीत असते.

खरेदीदाराला एकूण खर्च टोकनआधी कागदावर द्या. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, मुंबईत ६. घर फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास एक टक्का कमी. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतल्या मोठ्या रकमेवर लागते. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. वरच्याच ६१ लाखांच्या उदाहरणात पुण्यात शुल्क ४,२७,००० आणि फी ३०,०००. महिलेच्या नावावर शुल्क ३,६६,०००, म्हणजे ६१,००० रुपयांचा फरक. नावे ठरण्याआधी हे सांगितले तर उपयोग. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. इथे ६१,०००, आणि मालकाच्या हातात ६०,३९,०००. मालकाला हे आधी सांगितले नसेल तर रजिस्ट्रेशनच्या टेबलावर 'माझे एकसष्ट हजार कुठे गेले' हा प्रसंग ठरलेला. विक्रेता अनिवासी असेल तर कपातीचे दर आणि पद्धत पूर्ण वेगळी, त्यात सीएशिवाय पाऊल टाकू नका.

मधल्या काळात दर तीन दिवसांनी दोन्ही बाजूंना एक मेसेज: फाइल कुठे आहे, पुढचा कागद कुणाकडून हवा. सौदे मोडतात ते बहुधा भावावरून नाही, शांततेमुळे. आठ दिवस कुणी काही बोलले नाही की मालक दुसरे गिऱ्हाईक पाहू लागतो.

दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही बाजूंची आधार, पॅन, दोन साक्षीदार, मूळ करार आणि डेटा एंट्रीचा मसुदा तपासा. नावातले स्पेलिंग, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ आणि सर्व्हे नंबर मोठ्याने वाचून घ्या. एक आकडा चुकला तर चूकदुरुस्ती दस्त करण्यासाठी सगळ्यांना पुन्हा यावे लागते, आणि तेव्हा मालक गावाला गेलेला असतो. दलाली त्याच दिवशी घ्या, बिल देऊन.

ताबा दिल्यावर सोसायटीत सभासदत्व बदलण्याचे अर्ज, वीजमीटर आणि मालमत्ता कराचे नाव ही कामे उरतात. हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीतसुद्धा २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही; 'विकास निधी' या नावाखाली लाख-दीड लाख मागणाऱ्या समितीला नियम दाखवावा लागतो, शांतपणे आणि लेखी.

नवे प्रकल्प आणि टॅगिंग

नव्या प्रकल्पात तुम्ही बिल्डरला गिऱ्हाईक आणून देणारे चॅनल पार्टनर, म्हणजे 'सीपी'. आधी महारेराच्या पानावर प्रकल्प उघडून ताब्याची तारीख, मंजुऱ्या, विकलेल्या सदनिका आणि जमिनीवरचा बोजा वाचा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. सेल्स ऑफिसने 'वीस भरा, सवलत देतो' म्हटले तरी तुम्ही गिऱ्हाईकाला अडवायचे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे, तेव्हा स्वतः कोड कापून बनवलेले पोस्टर फिरवू नका.

दलाली बुडते ती टॅगिंगमध्ये, म्हणजे गिऱ्हाईक कुणी आणले याच्या बिल्डरकडच्या नोंदीत. गिऱ्हाईकाने आदल्या महिन्यात बिल्डरच्या जाहिरातीवर क्लिक करून नंबर दिला असेल, तर सिस्टिममध्ये ते 'डायरेक्ट' दिसते आणि तुमचा दावा संपतो. म्हणून गिऱ्हाईकाला प्रकल्पाचे नाव सांगण्याआधी त्याचा नंबर सीपी ॲपवर किंवा ईमेलने नोंदवा, 'मान्य' असे उत्तर येऊ द्या, मगच व्हिजिट. टॅग किती दिवस टिकतो ते विचारा, ३० दिवस असेल तर २८व्या दिवशी पुन्हा नोंदवा. पहिल्या व्हिजिटला स्वतः सोबत जा आणि रजिस्टरमध्ये तुमचे नाव लिहिलेल्या ओळीचा फोटो काढा.

दलालीचे पत्रक वाचताना टक्क्यांच्या आधी देय होण्याची अट वाचा. 'करार नोंदणी आणि २० टक्के रक्कम जमा झाल्यावर ४५ दिवसांनी' असे लिहिले असेल तर पैसे चार महिन्यांनी येतील असे धरून चाला. बिल्डर त्यातून २ टक्के टीडीएस कापतो. ती कपात तुमच्या पॅनवर दिसते का, हे दर तिमाहीला पाहा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी आणि बिलावर १८ टक्के. उलाढाल २० लाख किंवा त्याहून जास्त असलेल्या एजंटांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्यातल्या नोंदी ठेवण्याच्या अटीही लागू होतात, म्हणजे गिऱ्हाईकाची ओळख आणि व्यवहाराचे कागद जपून ठेवणे आले. पहिल्या दिवसापासून प्रत्येक सौद्याची एक फाइल ठेवली असेल तर त्या वेळी वेगळे काही करावे लागत नाही.